आडनावाचा जामीन

आबा कुणालाच नावानं हाक मारत नसत. त्यांच्या गावात चार संतोष होते, तीन विठ्ठल होते, गणेश तर दर दोन घरांआड एक. पण त्यांतलं एकही नाव आबांच्या तोंडी कधी आलं नाही. ते आडनावानं बोलवायचे. "ए डवरे, इकडं ये." "कणगे, तुझी म्हैस माझ्या तुरीत हाय." नवा माणूस दारात आला की त्यानं पाणी प्यायच्या आत पहिला सवाल व्हायचा, "आडनाव काय?" आणि त्यानं ते सांगितलं की लगेच दुसरा, "म्हंजी काय?"

दुसऱ्या सवालाला बहुतेक माणसं अडकत. एकदा हिंगोलीहून पिकाची पाहणी करायला एक साहेब आले. आडनाव गव्हाणे. "म्हंजी काय?" आबांनी विचारलं. साहेब हसले, म्हणाले, "तसं काही नसतं हो, आडनाव आहे ते." आबांनी त्यांना बुटासकट गोठ्यात नेलं, रिकाम्या गव्हाणीच्या काठावर त्यांचा हात ठेवला आणि म्हणाले, "ही तू. आता बस, चहा घे." साहेबाला अरे-तुरे केल्यानं आबांच्या मुलाला कसंनुसं झालं. आबांना काही वाटलं नाही. ते म्हणायचे, "नाव आईबाप ठिवतात, लाडानं. त्याचा काय भरवसा? आडनाव कामानं पडतं. गाव ठिवतं. ते खोटं नसतंय."

मी आता सुरतेला असतो. कापडाच्या एका गोदामात माल उतरवायला लागलो होतो, आता गोदामाच्या चाव्या माझ्याकडं असतात. दोन खोल्या आहेत, बायको आहे, मुलगी शाळेत जाते. सातवीतून शाळा सुटलेल्या माणसाला हे सगळं आबांच्या एका शब्दानं मिळालं. त्यांच्याबद्दल चार चांगल्या गोष्टी लिहाव्यात म्हणून बसलो, तर हात दर वेळी एकाच ठिकाणी येऊन अडतो. म्हणून आधीच सांगून ठेवतो, ह्यात माझ्याबद्दल भलं काही नाही.

मी हिंगोलीकडच्या गोरेगावात एका हडंब्यावर कामाला होतो. हडंबा म्हणजे ट्रॅक्टरमागं लावून नेतात ते मळणीचं यंत्र. मी त्याच्या तोंडाशी उभा राहून सोयाबीन आत सारायचो. आबांचं गाव गोरेगावापासून कोसभर. पहिल्या वर्षी त्यांच्या खळ्यावर गेलो तर आबा बाजेवर बसलेले. हडंबा आत घेऊ देईनात. त्यांनी आधी एक कळशी पाणी मागवलं, हडंब्याची चारही चाकं स्वतः धुतली, आणि मगच हात केला. खळ्यात चप्पल चालत नसे. चाक हीसुद्धा चप्पलच, असं त्यांचं म्हणणं. आमचा ड्रायव्हर तोंड दाबून हसत होता.

मग माझी पाळी आली.

"आडनाव काय?"

"मेढे."

आबा बाजेवरून उठले. "म्हंजी काय?"

"गाव आसंल कुठलं तरी," मी म्हणालो. शाळेत पोरं माझ्या आडनावावर मेंढरासारखी ओरडायची. शाळा सुटली तेव्हा निदान त्यातून सुटलो असं वाटलं होतं. त्याला काही अर्थ असेल हे डोक्यात आलं नव्हतं.

आबांनी माझं मनगट धरलं आणि मला खळ्याच्या मधोमध नेलं. तिथं छातीइतका उंच, तेल पिऊन काळा पडलेला लाकडी खांब रोवलेला होता. गळ्याशी खाच, खाचेत लोखंडाची कडी. "हात लाव," ते म्हणाले. "ही मेढ. ही तू."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. हडंबा नव्हता तेव्हा कणसं खळ्यात पसरायचे, ह्या मेढीला दोर लावून चार-पाच बैल ओळीनं बांधायचे, आणि बैल तिच्याभोवती फिरून फिरून दाणा मोकळा करायचे. दोर कडीत फिरायचा, म्हणून लाकूड झिजायचं नाही. मेढीच्या अगदी लगत जो बैल असायचा त्याला मेढ्या म्हणायचे. तो सगळ्यांत म्हातारा आणि सगळ्यांत शहाणा. "भाईरचा बैल पळतो, तो लोकाला दिसतो," आबा सांगायचे. "मेढ्या जागच्या जागी फिरतो. त्याच्याकडं कोणी बघत न्हाई. पण त्याचा पाय चुकला की सगळी ओळ एकमेकाच्या अंगावर."

बैल विकून आबांना बरीच वर्षं झाली होती. गावात दुसऱ्या कुणाच्या खळ्यात मेढ उरली नव्हती, नव्या पोरांना तो शब्दही ठाऊक नव्हता. हडंब्याला वळताना ती आडवी यायची, म्हणून ड्रायव्हर शिव्या द्यायचा, आणि आबांचा मुलगा म्हणायचा, "उपटून टाका ना आता, काहून लोकाला तकलीफ." आबा ऐकत नसत. हंगाम सरला की मेढ स्वतः काढायचे, तेल चोळायचे, शेडच्या आढ्यावर आडवी ठेवायचे, आणि दसऱ्याच्या आसपास पुन्हा रोवायचे. आम्ही हडंबा घेऊन पोचायचो तोवर ती जागेवर उभी असायची, म्हणून हे मला मागाहून कळलं.

पहिली पेंढी हडंब्यात घालायची नाही, हाही त्यांचा नेम. ती खळ्यात पसरायची आणि आम्ही मजुरांनी कडीतला दोर धरून तिच्यावरून सात फेऱ्या मारायच्या. बैलांच्या जागी आम्ही. बायका लाजून हसायच्या, ड्रायव्हर मोबाइलवर त्याचं शूटिंग करायचा. आबा मला म्हणाले, "मेढे, तू आत. मेढीला लागून." मी तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा, सगळ्यांत लहान. मी म्हटलं, "आबा, मेढ्या म्हातारा असतो ना?" "तुझं घर म्हातारं हाय," ते म्हणाले.

त्यांनी सांगितलं ते असं. माझ्या पणज्याचं घर मूळ त्याच गावातलं, पलीकडच्या चिंचेखाली. गावातल्या झाडून सगळ्या खळ्यांच्या मेढी रोवायचं काम आमच्या घराकडं होतं. खड्डा किती, बुंध्याला दगड कुठले, कल कुठल्या अंगाला द्यायचा, हे दुसऱ्या कुणाला जमत नसे. त्यावरून आडनाव पडलं.

मी हे मोठ्या कौतुकानं घरी जाऊन वडिलांना सांगितलं. वडील विहाराच्या ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, "रोवत व्हते, बराबर हाय. आन रोवून झाल्यावर खळ्याभाईर जाऊन उभे राहत व्हते. दाणा पडला की आत पाय ठिवायची सोय नव्हती. ते न्हाई सांगितलं तुझ्या आबानं?"

पुढच्या खेपेला मी ते आबांना जसंच्या तसं सांगितलं. सांगून झाल्यावर घाबरलो, कामावरून काढतील म्हणून. आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "तुझ्या बापाचं खरं हाय. मी लेकरू व्हतो, डोळ्यानं पाहिलंय. मला ते सांगायचं सुचलं न्हाई." त्या वर्षापासून खळ्यात पहिला पाय माझा पडू लागला. आबा बाहेर उभे राहायचे, घरचे उभे राहायचे, आणि मी एकटा मेढीपर्यंत चालत जाऊन तिला हात लावला की मग बाकीचे आत यायचे. मला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं.

आबा आणि त्यांची बायको माई यांचं भांडण म्हणजे आमची करमणूक. भांडण झालं की दोघं एकमेकांशी बोलत नसत, मेढीशी बोलत. माई भाकरीची टोपली घेऊन यायच्या आणि मेढीला म्हणायच्या, "सांग त्याला, कालवण खारट झालं आसंल तर पाणी घालून खाय म्हणावं." आबा मेढीकडं तोंड करून म्हणायचे, "मेढे, हिला सांग, पाण्यानं मीठ जात न्हाई, वाढतं." पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी उठून माईंकडं गेलो आणि निरोप सांगितला. माई इतक्या हसल्या की त्यांचं भांडणच मिटलं.

भागूमावशीही तेव्हा हसली होती. ती आबांच्याच गावची, विधवा, एक पोरगी पदरात. हडंब्यामागं भुसा ओढायचं, पोती धरायचं आणि सगळ्यांना चहा करायचं काम तिच्याकडं. माझ्या आईच्या माहेरची म्हणून मावशी. ती मला सारखी म्हणायची, "तू जाय बाबा हितून. हडंब्याच्या तोंडाशी उभं राहून कोणाचे हात शाबूत राहिलेत?" आबांचा एक भाचा सुरतेला कापडाच्या गोदामावर मोठ्या कामाला होता. मावशीनंच आबांच्या कानावर घातलं, की ह्या पोराचं तिकडं काही होतं का बघा. आबा म्हणाले, बघू.

त्या साली दसऱ्याच्या तोंडावर आबांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. ते हिंगोलीला दवाखान्यात. पीक वाळून उभं होतं, थांबता येत नव्हतं, म्हणून मुलानं हडंबा बोलावला. मेढ रोवायला कोणी नव्हतं. खळ्यात जागा मोकळी. ड्रायव्हर खूश. सात फेऱ्याही झाल्या नाहीत.

दुपारी अचानक आभाळ आलं. आम्ही धावत ढिगावर ताडपत्री ओढली, तिच्या कडा अंगानं दाबून धरल्या, आणि तासभर पाऊस पाठीवर घेतला. दाणा वाचला. माणसं गारठून थरथरत होती. मावशी तीन दगडांच्या चुलीपाशी बसली, पण सरपण सगळं भिजलेलं, नुसता धूर. आबांचा मुलगा मला म्हणाला, "शेडात बघ, कोरडं काही आसंल ते घे."

शेडात आढ्यावर जुनं जू होतं, मोडकी तिफण होती, आणि एक लांब, जाड लाकूड होतं. मी ते खाली ओढलं. बुंध्याकडचं अर्धं डांबर फासलेलं, माती चिकटलेलं. मी मेढ चार वर्षं पाहिली होती, पण उभी. अर्धी जमिनीत असलेली. आडवी, सबंध अशी ती मी कधी पाहिली नव्हती, आणि एवढी लांब असेल असं वाटलंही नव्हतं. मी कुऱ्हाड घातली. बुंध्याकडून फोडत गेलो. तीन-चार ढलप्या निघाल्यावर लाकूड फिरवलं, तर दुसऱ्या टोकाला खाच, आणि खाचेत कडी.

कडी दिसली तेव्हाच कळलं. हे मी इथं लिहिलं नाही तर लिहिण्यात अर्थ नाही. तोवर बुंधा फुटला होता, पण वरचा भाग सबंध होता. मी तिथं थांबलो असतो, ओरडलो असतो, मुलाला बोलावलं असतं, तर अर्धी मेढ राहिली असती. मला वाटलं, आता सांगितलं तर सुरत गेली. मी कडी ठोकून काढली, खिशात घातली, आणि उरलेलीही फोडली. ढलप्या नेऊन मावशीपुढं टाकल्या. तेल प्यायलेलं लाकूड असं भडकलं की सगळी माणसं भोवती येऊन बसली. चहा झाला. मीही प्यालो.

दोन दिवसांनी आबा डोळ्यांवर हिरवा-काळा चष्मा लावून परत आले. आल्या आल्या शेडात गेले आणि हात वर करून आढं चाचपू लागले. मग बाहेर येऊन म्हणाले, "मेढ कुठाय?"

शोधाशोध झाली. मुलाला चुलीपाशी बुंध्याचा डांबराचा तुकडा सापडला. मला शेडात त्यानंच धाडलं होतं, ते बापापुढं निघू नये म्हणून तो मावशीवर धावून आला. "चुलीवर तूच व्हतीस ना? दिसत न्हाई का काय जाळून राहिलीस ते?"

मावशीनं माझ्याकडं पाहिलं. मी हडंब्याचा पट्टा बघत होतो. पट्ट्याला काहीही झालेलं नव्हतं.

"व्हय," मावशी म्हणाली. "म्याच जाळली. भिजलेल्या माणसाईला चहा लागतो, मालक."

"मेढजाळी कुठली! उद्यापासून येऊ नको."

आबा चुलीपाशी बसले आणि दोन्ही हातांनी राख चाळू लागले. दिवस मावळेपर्यंत चाळत होते. मुलगा म्हणाला, "आता काय शोधता?" तर म्हणाले, "कडी. लोखंड जळत न्हाई." राखेत कडी नव्हती. त्यांनी मान वर केली. डोळ्यांवर काळा चष्मा, त्यामुळं ते कुणाकडं बघतात हे मला कळलं नाही. मी मात्र खिशावर हात ठेवला होता.

पंधरा दिवसांनी त्यांनी मला बोलावलं. भाच्याला माझ्यासमोर फोन लावला. फोनवर ते ओरडूनच बोलायचे. "पोरगा धाडून राहिलो. शिकला न्हाई. आडनाव मेढे. जामीन मी. मेढ्याच्या घरचं माणूस जागचं हालत न्हाई." फोन ठेवला आणि मला म्हणाले, "चल, हात लाव."

खळ्यात नवी बाभळ तासून ठेवली होती. खड्डा खणून तयार. त्यांनी ती मेढ माझ्याकडून रोवून घेतली. दगड कसे ठोकायचे, ते काठीनं दाखवत होते. उभी राहिल्यावर मी ती हलवून बघायला गेलो, तर त्यांनी काठी माझ्या हातावर मारली. "रोवल्या रोवल्या हालवू नये. ही आता काढायची न्हाई. एक पावसाळा जाऊ द्यावा." मग माझं बोट धरून मेढीच्या गळ्याशी नेलं. तिथं नवी खाच होती. "कडी नवी करीन म्हणतो. खाच बराबर हाय का बघ."

मी बोट फिरवलं. "बराबर हाय, आबा," मी म्हणालो.

ते "हं" म्हणाले. गोरेगावापर्यंत माझ्याबरोबर चालत आले, सेनगावच्या जीपमध्ये बसवलं, शेंगदाण्याचं गाठोडं दिलं. जीप सुटल्यावर मला कळलं, की कडीची रुंदी ठाऊक असल्याशिवाय कुणाला "बराबर हाय" म्हणता येत नाही.

दहा वर्षं ती कडी माझ्या खोलीत खिळ्याला टांगलेली होती. गंज चढू नये म्हणून तिला तेल लावायचो. गावाकडं जायचो, पण वडिलांना भेटून गोरेगावातूनच परत. मावशीचं कानावर यायचं. कामावरून काढल्यावर तिला आसपास कुणी बोलवेना, काही दिवस ती पार पुसेगावाकडं मजुरीला जायची, मग तिनं फाट्यावर चहाची टपरी टाकली. आणि जे तिला एकदा म्हटलं गेलं होतं, ते तिला चिकटलं. मेढजाळी. आधी पोरं म्हणायची, मग सगळेच. त्याला मी "हो का" म्हणायचो आणि फोन ठेवायचो.

गेल्या दिवाळीच्या आधी माझी मुलगी शाळेतून आली आणि म्हणाली, "पप्पा, मेढे म्हणजे काय?" मी भिंतीवरची कडी काढली, तिच्या हातात दिली आणि सांगायला लागलो. खळं सांगितलं, बैल सांगितले, मेढ्या सांगितला, पणजोबा सांगितले. ती म्हणाली, "मग ती मेढ कुठंय? ही कडी तुमच्याकडं कशी?" पुढं मला सांगता आलं नाही. दिवाळीला कडी पिशवीत घालून निघालो.

आबांच्या खळ्यावर आता अर्ध्या जागेत पत्र्याचं गोदाम आहे. माई राहिल्या नाहीत. मी रोवलेली मेढ मात्र जागेवर होती, तिला शेळी बांधलेली. खाच रिकामी. शेजारी बाजेवर आबा. डोळे जवळजवळ गेलेले.

"कोण? आडनाव काय?"

"मेढे."

त्यांनी तळहात पुढं केला. मी पाया पडणार होतो, पण त्यांना ते नको होतं. मी कडी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती अंगठ्यानं सगळीकडून चाचपली, नाकाशी नेली.

"तेल लावत व्हतास."

"व्हय."

"राखंत घावली न्हाई तवाच समजलं. भागूला कडी काय करायची?"

"मंग जामीन काहून राहिलात, आबा?"

"समजलं म्हणूनच. एक पावसाळा जाऊ द्यावा म्हणलं." त्यांनी कडी बोटात फिरवली. "तू धा लावले."

मी त्यांच्या पायाशी बसलो. रडू येत होतं. ते कोरड्या आवाजात म्हणाले, "मला काय दावतो रडून? माझं लाकूड गेलं. तिचं नाव गेलं. आन मी बी गप राहिलो. पोरानं तिला काढलं तवा आडवा न्हाई झालो. दर हंगामाला तिच्या टपरीवर जाऊन चहा पितो, पण तोंडातून शब्द फुटत न्हाई. एकदा इचारलं, भागू, कुणाचं वझं उचलून राहिलीस? तर म्हणे, मालक, चहा घ्या, निवून राहिला." त्यांनी काठी शोधली. "चल. मला धर."

फाटा लांब नाही, पण आबांना धरून न्यायला वेळ लागला. टपरीवर चार-सहा माणसं होती. मावशीचे केस सगळे पांढरे झाले होते. तिनं मला ओळखलं आणि दोन चहा ओतायला घेतले. मी उभ्या उभ्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. म्हणालो, मेढ हिनं जाळली नाही. मी जाळली. माहीत असून जाळली. हिनं माझ्यासाठी नाव अंगावर घेतलं.

माणसं एकमेकांकडं बघू लागली. एक म्हातारा म्हणाला, "आता काय त्याचं, लई साल झाले." दुसरा पेपर वाचत होता तो वाचतच राहिला.

"ऐकलं का, भागू," आबा म्हणाले. "मी बी चुकलो."

मावशीनं कप पुढं केले. मग माझ्याकडं पाहून म्हणाली, "हितल्यांना सांगून काय करतोस? हितले जुने हायेत, त्यांना मेढ ठाऊक हाय. माझ्या पोरीला तिच्या सासरी काय इचारतात, ठाऊक हाय का तुला? तुझ्या मायनं काय जाळलं व्हतं? मेढ कोणाला समजत न्हाई. जाळी तेवढं समजतं. लोकाला वाटतं, माणूस जाळलं. तिकडं जाऊन सांगशील?"

"सांगतो," मी म्हणालो.

"मंग घे चहा."

चहा संपायच्या आत गोरेगावाकडून सेनगावची जीप आली. ड्रायव्हर पंचविशीचा. त्यानं खिडकीतून डोकं काढून आरोळी दिली, "मेढजाळीऽ! मेढजाळीवाले उतरा!" दोन माणसं उतरली. मावशीनं वर पाहिलंसुद्धा नाही; ती कप विसळत होती. तिच्या पोरीचं सासर सेनगावाच्या अलीकडं. मी आबांना बाकावर नीट बसवलं आणि पुढं ड्रायव्हरजवळ जाऊन बसलो.

जीप सुटल्यावर मी विचारलं, "ह्या फाट्याला असं नाव काहून?"

"काय की. त्या चहावालीनं कायतरी जाळलं म्हणतात. सुनंला का कोणाला."

"तिला सून न्हाई. एक पोरगी हाय."

"मंग नवऱ्याला आसंल," तो म्हणाला, आणि मागची माणसं हसली.

"मेढ जाळली," मी म्हणालो. माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "आन तिनं न्हाई. म्या."

ड्रायव्हरनं आरशात पाहिलं. "तुमी कोण?"

"मेढे."

मग मागच्या बाकावरून एका बाईनं मांडीवरची पाटी सरकवली आणि पुढं वाकून विचारलं, "मेढ म्हंजी काय वो, भाऊ?"

सेनगाव यायला अजून अवकाश होता. मी मागं वळून बसलो आणि खळ्यापासून सांगायला सुरुवात केली.